भाकरी कुणी घातली? : दलित आत्मकथनांतील आजी आणि आपली समीक्षा

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्याला आता पन्नास वर्षे होत येतील. या काळात दलित आत्मकथनांवर उदंड लिहिले गेले. प्रस्थापित समीक्षेने ही पुस्तके कला की दस्तऐवज, असा प्रश्न घातला. आपण त्याला जाणीव, नकार आणि विद्रोह या शब्दांनी उत्तर दिले. ते उत्तर योग्यच होते. पण या वादाच्या धुराळ्यात एका माणसाची चौकशी ना त्यांनी केली ना आपण. ते माणूस म्हणजे घरातली म्हातारी. बाप दारूत बुडाला म्हणून ज्यांना आजोळी ठेवावे लागले, अशा पोरांची आपल्या वस्त्यांत कधीच वाण नव्हती. त्यातली काही पुढे शिकली, लिहू लागली. त्यांना ज्या हातांनी वाढवले त्या हातांना आपल्या समीक्षेने अजून श्रमाचा दर्जा दिलेला नाही. त्यांना आपण 'माया' म्हणून मोकळे झालो.

हे मी इतरांना सुनावतो आहे असे नाही. यातला पहिला गुन्हेगार मीच आहे.

मी आजोळी वाढलो. पुष्कळ वर्षे मी ही गोष्ट अर्धीच सांगत आलो. शाळेसाठी मला आजोळी ठेवले, असे मी म्हणत असे. शाळा वडिलांच्या गावातही होती. वडील जालन्याच्या मोंढ्यात हमाल होते. दिवसभर पाठीवर पोती आणि संध्याकाळी हातात रोकड. ती रोकड घरापर्यंत क्वचित पोचे. आईने दोन-तीन वर्षे वाट पाहिली. मग एक दिवस मला आणि धाकट्या बहिणीला अंबड तालुक्यातल्या तिच्या माहेरी आणून सोडले आणि ती एकटीच माघारी गेली. नवऱ्याला सोडायचे नाही आणि लेकरांना उपाशी ठेवायचे नाही, एवढाच मार्ग तिला दिसला असेल.

मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. साल १९७२. मराठवाड्यात दुष्काळ होता. आजोबांनी १९५६च्या धर्मांतरानंतर येसकरकी सोडली होती, त्यामुळे बलुत्याचे दाणे केव्हाच बंद झाले होते. त्या घरात आणखी दोन तोंडे आली. आजी पन्नाशी ओलांडलेली. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. संध्याकाळी आली की आधी चूल, मग आमच्या डोक्यातल्या उवा, मग दुसऱ्या दिवशीचे पाणी. तिची स्वतःची पाच बाळंतपणे होऊन, त्यातली दोन लेकरे मातीत जाऊन, तिचा संसार एकदा पुरा झाला होता. तो तिला पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला.

वडील दोन-तीन महिन्यांनी येत. पिऊनच येत. आजी डोक्यावरचा पदर पुढे ओढून पाण्याचा तांब्या ठेवी. जावयाला बोलायचे नाही, ही रीत. रात्री मात्र ती उतरंडीच्या खालच्या गाडग्यात ठेवलेले पैसे काढून कंबरेला बांधून निजे. तो पदर आणि ती कंबरेची गाठ या दोन्ही गोष्टी मी एकाच रात्री पाहिल्या आहेत. पुढे लिहायला लागलो तेव्हा पदर लिहिला. गाठ लिहिली नाही.

१९८८च्या सुमारास मी वडिलांवर एक लेख लिहिला. त्यात वडील म्हणजे व्यवस्थेचा बळी. पाठीवर पोते, पोत्यावर जातीचे ओझे, आणि ते विसरायला दारू. लेखाचे कौतुक झाले. मित्रांची पत्रे आली. त्या दिवाळीत गावी जाऊन मी तो आजीला वाचून दाखवला. आजोबा तेव्हा नव्हते. आजीने सगळे नीट ऐकले, दोनदा डोळे पुसले. मग म्हणाली, "चांगलं लिवलंस, बापू. त्याचं लई हाल झालं. आन् तुमाला भाकरी कुणी घातली, त्ये पुढल्या पानावर हाय का?"

पुढले पान नव्हते. आजीचा उल्लेख दोन ठिकाणी होता. एकदा 'मायाळू' असा, एकदा 'सुरकुतलेली' असा.

हा प्रश्न घेऊन मी आपली पुस्तके पुन्हा वाचली. ती वाचताना लक्षात आले की लेखक आपल्या समीक्षेपेक्षा पुष्कळदा पुढे आहेत. 'बलुतं'मध्ये बापाची दारू आहे आणि मुंबईच्या कावाखान्यातली आजीही आहे. त्या पुस्तकावर लिहिताना आपण दगडू आणि दया यांच्यातल्या दुभंगाविषयी पानेच्या पाने लिहिली. ते महत्त्वाचे आहेच. पण ज्या बायांच्या राबण्यावर तो दगडू जगला, त्या बाया आपल्या लेखनात 'पार्श्वभूमी' या एका शब्दात कोंबल्या गेल्या.

शरणकुमार लिंबाळ्यांचे 'अक्करमाशी' १९८४चे. त्यात पोराच्या आजोळी राहण्याचे कारण दारू नाही. तिथे बाप आहे, पण तो पोराला आपला म्हणत नाही. पोराला वाढवते संतामाय. तिच्यासोबत असलेला दादा, महमूद दस्तगीर जमादार, जातीने आणि धर्माने परका. पण बापपण निभावतो तोच. संतामाय शेणातले दाणे धुऊन त्याची भाकरी करते, हा प्रसंग आपण सर्वांनी उद्धृत केला आहे. कशासाठी? भुकेचे दारुण चित्र म्हणून. मी स्वतः वर्गात तो तसाच शिकवला. पण तो प्रसंग केवळ भुकेचा नाही. शेण गोळा करणे, दाणे निवडणे, धुणे, वाळवणे, दळणे, थापणे, ही एका म्हाताऱ्या बाईची मजुरी आहे आणि तिचा मोबदला शून्य आहे. आपण भूक पाहिली, काम पाहिले नाही. 'मी कोण?' हा नातवाचा प्रश्न आपल्याला तत्त्वज्ञानाचा वाटला. 'उद्या याला काय घालू?' हा संतामायसारख्या बाईचा रोजचा प्रश्न आपल्याला तपशिलाचा वाटला.

बेबीताई कांबळ्यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये वीरगावचे आजोळ आहे. तिथे आजोळ हे संकट नाही, तो एक अख्खा समाज आहे. एका मुलीच्या नजरेने त्यांनी वस्तीतल्या बायांचे राबणे, बाळंतपणे, मार, सण असे सगळे मांडले. पुरुषांनी बाईला कसे वागवले हे सांगताना त्यांनी आपल्या माणसांची भीड ठेवली नाही. म्हणून मला वाटते, भाकरी कुणी घातली याचा हिशेब आधी बायांनी मांडला. आम्ही बापे अजून दुःखाच्या भाषेतच अडकलो आहोत.

आणि आजोळ म्हणजे सावली, असे सरसकट मानू नये. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आले. त्यातले आजोबांचे घर मुलींच्या नाचण्याच्या कमाईवर जगते आणि तिथे पोराचे हाल होतात. सगळ्या म्हाताऱ्यांना देव्हाऱ्यात बसवणे हाही त्यांना न पाहण्याचाच एक प्रकार आहे. आजोळात कोण कमावतो, कोण खातो आणि कोण राबतो, हे दर पुस्तकागणिक विचारले पाहिजे.

आता दारूकडे येतो, कारण आपली जीभ अडखळते ती इथे.

आपण गप्प बसलो त्याला कारण आहे. दलिताचा बाप दारू पितो, असे लिहिले की सवर्ण वाचक मान डोलावतो. त्याला ते आधीच ठाऊक असते! त्याच्या घरातली दारू शौक ठरते, आपल्या घरातली जात ठरते. त्या वाचकाच्या हाती कोलीत द्यायचे नाही म्हणून आपण बापाला बळी केले. ही भीती खोटी नव्हती. पण तिची किंमत म्हातारीने मोजली.

या कोंडीतून सुटायला बाबासाहेबच उपयोगी पडतात. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणखर्चावर बोलताना त्यांनी सरकारचाच हिशेब सरकारपुढे ठेवला होता : १९२३-२४ मध्ये शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च आणि अबकारीतून दरडोई वसुली २ रुपये २ आणे ९ पै. लोकांकडून अबकारीत जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे दारूच्या प्रश्नाचे एक टोक गुत्त्यात असते आणि दुसरे सरकारी तिजोरीत. अबकारी उत्पन्न आजही राज्याच्या मोठ्या उत्पन्नांत मोजले जाते. वडिलांनी मोंढ्याजवळच्या दुकानात जे पैसे टाकले त्यातला वाटा सरकारला मिळाला. माझ्या वह्यांचे पैसे आजीने खडी फोडून दिले. हा आकडा कोणत्याही अंदाजपत्रकात नाही. साहित्यातही नसेल तर तो कुठे असणार?

पण बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू पिणार नाही अशीही एक आहे. ज्याच्याकडून शपथ घ्यायची, त्याला स्वतःविषयी निर्णय घेणारा माणूस मानावे लागते. बापाला नुसता बळी म्हणून आपण त्याच्याकडून हेच माणूसपण काढून घेतो. माझ्या आजोबांनी त्या साली दारू सोडली ती कायमची. "बाबाला सबूद दिलाय," एवढेच ते म्हणत. त्यांची जात तीच, गरिबी तीच, अपमान तेच.

इथे मला स्वतःलाच अडवले पाहिजे. आजोबांचा हा निर्धार मी बरीच वर्षे वडिलांच्या डोक्यात मनातल्या मनात हाणत आलो. ते बरोबर नव्हते. दारूची लत हा आजार आहे, हे आज वैद्यकशास्त्र सांगते. वडिलांनी दोनदा सोडून पाहिली. हात थरथरत, रात्री झोप लागत नसे, भलतेच काही दिसे. आम्ही म्हणालो, बाहेरचे काही असेल. अनिता आणि अनिल अवचट यांचे मुक्तांगण पुण्यात सुरू झाले ते १९८६ साली. १९७०च्या दशकात आमच्यासारख्या घराला उपचाराचा असा दरवाजा माहीतच नव्हता. सगळ्यांचे हाडमांस सारखे नसते. एकाने सोडली म्हणून दुसऱ्याला ती सोडता आलीच पाहिजे, हे म्हणणे सोपे, पण न्यायाचे नाही.

मग माझे म्हणणे काय? बाप खलनायक नाही आणि निव्वळ बळीही नाही. तो आजारी होता, शोषित होता आणि जबाबदारही होता. या तिन्ही गोष्टी एकाच पानावर लिहिता आल्या पाहिजेत. आणि एकाच्या आजाराची मजुरी दुसऱ्याच्या पाठीवर पडते, तेव्हा ती पाठ कुणाची, हे सांगितल्याशिवाय ते पान पुरे होत नाही. आपल्या घरांत ती बहुधा बाईची होती आणि पुष्कळदा म्हातारीची.

आपल्या समीक्षेने यापुढे आत्मकथन हाती घेतले की तीन साधे प्रश्न विचारावेत. या पोराला जेवू कुणी घातले? त्यासाठी त्या माणसाने काय सोडले? आणि लेखकाने त्याचा हिशेब दिला आहे की नुसते ऋण मानले आहे? ऋण मानणे सोपे असते. एका अर्पणपत्रिकेत ते फिटते. आमच्या पुस्तकांच्या अर्पणपत्रिका आई-आजीच्या नावाने भरल्या आहेत आणि आतल्या पानांवर त्या डोळे पुसतात किंवा भाकरी वाढतात, एवढेच. नातू शिकला की त्याच आजीचा देव्हारा, तिचे अंगात येणे, तिचे अडाणीपण यांवर तो परखड लिहितो. तेही लिहावे. पण तिच्या अंधश्रद्धेची जेवढी बारीक तपासणी आपण करतो, तेवढी तिच्या कामाची का करत नाही?

'पुढल्या पानावर हाय का?' हा आजीचा सवाल मला आपल्या सौंदर्यशास्त्रावरचा सवाल वाटतो. दुःख कुणाचे मोठे हे ती विचारत नव्हती. वडिलांसाठी तिचे डोळे खरेच भरले होते. ती फक्त हिशेब मागत होती, आणि बलुते सोडलेल्या माणसाच्या बायकोला हिशेब मागायचा पूर्ण अधिकार होता.

आजी १९९३ साली गेली. वडील तिच्या आधी चार वर्षे. आई माझ्याकडे आहे. हा लेख लिहीत असताना मी तिला विचारले, आम्हाला सोडून तू माघारी गेलीस तेव्हा आजी काय म्हणाली? आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काय म्हणंल? इचारलं, दाणे किती दिवसांचे आणलेत."

आईने काहीच आणले नव्हते. माझ्या लेखाचे पुढले पान इथून सुरू व्हायला हवे होते. नव्याने लिहिणाऱ्या मित्र-मैत्रिणींनी तरी ते पहिल्यापासून लिहावे, एवढी विनंती आहे.