मुस्तफाचा गेम आणि पडद्यावरचा शत्रू

जुन्या व्हिडिओ गेमच्या आठवणींनी हल्ली चाळिशीतली माणसे हळवी होतात. कॉन्ट्रा, मारिओ, रणगाड्यांचा ‘बॅटल सिटी’, बदके मारण्याचा ‘डक हंट’ ही नावे निघाली की ‘तेव्हाचे खेळ किती साधे, किती निष्पाप होते’ हे वाक्य येतेच. ते साधे होते, हे आम्हांला मान्य आहे. निष्पाप होते, हे मान्य नाही. मराठी समीक्षेने कादंबरीतला, नाटकातला, सिनेमातला मुसलमान बराच तपासला. आमच्या मुलांनी मात्र तासन्‌तास ज्या पडद्यासमोर घालवले, त्याच्याकडे पोरखेळ म्हणून पाहिले गेले. पोरांचा खेळ असला तरी तो मोठ्यांनी रचलेला असतो आणि रचणाऱ्याच्या मनातले त्यात उतरते.

नेसरी हे गडहिंग्लजहून चंदगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. येथे व्हिडिओ गेम आला तो नव्वदच्या दशकात, मुंबईहून सुट्टीला येणाऱ्या नातेवाइकांच्या पिशवीतून. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली जे यंत्र काढले, त्याच्या नकला ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी आपल्याकडे मिळत. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढून ते जोडायचे, कॅसेट तोंडाने फुंकून खोबणीत दाबायची आणि चित्र येईपर्यंत श्वास रोखून बसायचे. कॅसेटवर हजारो गेम असल्याचे छापलेले असे. आत पाच-पंचवीसच निघत, तेच पुन्हा पुन्हा. खेळ मध्येच राखून ठेवण्याची सोय बहुतेक गेममध्ये नव्हती. वीज गेली की आठव्या टप्प्यावर पोचलेला मारिओ पुन्हा पहिल्या टप्प्यावर, आणि वीज किती जाई हे त्या काळात महाराष्ट्राच्या खेड्यात राहिलेल्यांना सांगायला नको. दोन जण खेळत, दहा जण पाहत. खरे सांगायचे तर आमच्यापैकी बहुतेकांचा वेळ पाहण्यात आणि ‘एक लाईफ दे की रे’ म्हणून मागे लागण्यातच गेला. या खेळांची आमची ओळख खेळाडूपेक्षा प्रेक्षकाची अधिक आहे, आणि समीक्षकाला ती गैरसोयीची नाही.

या खेळांचे सौंदर्य त्यांच्या गरिबीत होते. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याच्या शंभरपट जागा घेतो. जागा वाचवण्यासाठी त्यातला ढग आणि झुडूप यांचा आकार एकच ठेवला आहे. वर पांढरा रंग दिला की ढग, खाली हिरवा दिला की झुडूप. मारिओची मिशी आणि टोपीही अशाच अडचणीतून आली. शिगेरू मियामोतो यांनी १९८१ च्या ‘डाँकी काँग’साठी हे पात्र काढले, तेव्हा मोजक्या ठिपक्यांत नाक-तोंड दिसेना म्हणून मिशी, आणि केस रेखाटायला नकोत म्हणून टोपी. एवढ्याशा खुणांनी जगभरच्या पोरांना माणूस दिसला, कारण उरलेला चेहरा ज्याने त्याने आपल्या मनाने भरला. मिशी आणि टोपी, एवढ्यावर तो आमच्या गल्लीतलाही कुणी असू शकला असता.

शत्रूही असाच अर्धा रेखाटलेला होता, आणि निदान एका ठिकाणी ते जाणूनबुजून झाले. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे कर्ते तोमोहिरो निशिकादो यांनी गोळ्या झाडायला माणसे दिली नाहीत, परग्रहावरचे प्राणी दिले. माणसांवर गोळ्या झाडण्याचा खेळ बरा दिसणार नाही, असा तेव्हा संकोच होता. त्या संकोचाची आठवण पुढे ठेवावी लागेल.

आता मुस्तफाकडे येतो. तालुक्याच्या गावी व्हिडिओ पार्लरमध्ये नाणे टाकून खेळायच्या पेट्या असत. त्यांत एका गेमवर सर्वांत जास्त गर्दी व्हायची. त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली, मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या अमेरिकन चित्रकथेवरून काढलेला. त्यात खेळाडूला चार पात्रांतून एक निवडता येते: जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा कैरो. चित्रकथेचा खरा नायक जॅक टेनरेक आहे. मुस्तफा त्याचा सहकारी. पण आपल्याकडे त्या गेमला त्याच्या नावाने कुणी ओळखलेच नाही. तो ‘मुस्तफाचा गेम’ झाला. आमच्या भागातच नव्हे, देशभर त्याला ‘मुस्तफा’ म्हणत असत, हे पुढे बाहेरगावच्या मित्रांशी बोलताना कळले.

हे नाव कोणत्याही कंपनीने दिले नव्हते. पोरांनी दिले. आणि देणारी पोरे काही सगळी आमच्या मोहल्ल्यातली नव्हती. मराठा, लिंगायत, दलित, सगळ्या आळ्यांतली होती, आणि ‘मी मुस्तफा’ म्हणून त्यांच्यात भांडणे होत. कारण अगदी साधे. मुस्तफा सर्वांत चपळ; पळत येऊन त्याने मारलेल्या लाथेने समोरची फळी आडवी होई. कुणी सलोख्याचा विचार करून त्याला निवडत नव्हते. आम्हांला याचेच अप्रूप वाटते. ज्या नावाला बाहेर एरवी जपून उच्चारावे लागे, ते तिथे निव्वळ उपयोगाचे म्हणून सर्वांना हवे होते. घरी मात्र थोडी अडचण झाली. मुस्तफा हे नाव आमच्यात अदबीने घेतले जाते, आणि ‘मुस्तफाला हाण, मुस्तफा मेला’ असा ओरडा वडीलधाऱ्यांच्या कानी गेला की बोलणी बसत. त्या बोलण्यात तथ्य नव्हते असे नाही.

नेसरीत वाढलेल्या मुलाला हे सारे अधिक का जाणवले असेल, त्याला कारण आहे. येथल्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. त्यांचे स्मारक गावाचा अभिमान आहे, आमचाही आहे. पण गोष्टीतला शत्रू खान आहे, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात तो खान कुणाला व्हावे लागे, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. प्रतापरावांच्या सहा साथीदारांची जी नावे परंपरेने सांगितली जातात, त्यांत सिद्दी हिलाल हे एक आहे. ते नाव पोरांच्या तोंडी कधी आले नाही. चार पात्रांतला मुस्तफा पोरांनी पहिल्या दिवशी ओळखला, सातांतला हिलाल मात्र अनोळखीच राहिला. पेटी परक्या देशाची, गोष्ट परक्या भाषेतली, म्हणून तिच्यात कुणाला काय म्हणायचे हे पोरे स्वतः ठरवू शकली. गावाच्या गोष्टीत ते आधीच ठरलेले होते.

म्हणून काही ते खेळ निष्पाप ठरत नाहीत. ‘कॉन्ट्रा’ १९८७ सालचा. हे नाव निकाराग्वाच्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या, अमेरिकेने पोसलेल्या बंडखोरांचे. अमेरिकेने इराणला शस्त्रे विकून तो पैसा त्यांच्याकडे वळवल्याचे प्रकरण १९८६ च्या अखेरीस उघडकीला आले होते आणि जगाच्या वर्तमानपत्रांत गाजत होते. आम्ही तीस लाईफची युक्ती तोंडपाठ केली. नावाचा अर्थ कुणी विचारला नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) कॉम्प्युटर क्लासच्या यंत्रावर खेळायला मिळे. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. त्या हालचालींची नजाकत आजही जुनी वाटत नाही. पण त्यातला पर्शिया हा ‘अरेबियन नाइट्स’च्या चित्रपटांतून आलेला, तळघरे, सुळे आणि कपटी वजीर जाफर यांचा पर्शिया आहे. एवढेच की जाफर त्या गोष्टीतला, तसा नायकही त्याच गोष्टीतला. सगळे वाईट एका जमातीच्या खात्यावर मांडलेले नव्हते. आखाती युद्धानंतर लगेच, १९९२ साली आलेल्या ‘डेझर्ट स्ट्राइक’मध्ये तीही भीड गेली. खेळाडूला अमेरिकन हेलिकॉप्टर दिले आणि खाली वाळवंट.

पुढे यंत्रे सुधारली, ठिपके बारीक झाले, शत्रूला चेहरा आला. तो चेहरा कुणाचा, हे दोन हजारच्या दशकात सायबर कॅफेत बसलेल्या आमच्या मुलांना लगेच कळले. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये दोन संघ असतात, दहशतवादी आणि त्यांना मारणारे, सर्वांत लोकप्रिय मैदान म्हणजे ‘डस्ट’ हे अरबी वळणाचे पिवळट गाव. गट पाडताना ‘तू तिकडं हो की, तुझीच माणसं हाईत’ असे हसत म्हटले जाई, आणि आमचा मुलगाही हसे. मुस्तफासाठी भांडणाऱ्या पोरांचीच ही धाकटी भावंडे.

‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या २००७ च्या भागात मध्यपूर्वेतल्या देशाला नाव देण्याचीसुद्धा तसदी घेतलेली नाही, खलनायकाला मात्र खालिद अल-असद हे पूर्ण नाव आहे. २००९ च्या भागात कराची शहराचे मैदान आहे. त्यातल्या पाट्या अरबीत आहेत, कराचीच्या रस्त्यावर दिसणाऱ्या उर्दूचा पत्ता नाही. कोट्यवधी डॉलर खर्चून भिंतीची प्रत्येक वीट रेखाटणाऱ्यांना तिथले लोक कोणती भाषा वाचतात हे विचारावेसे वाटले नाही. ढग आणि झुडूप एकाच आकारात बसवणे ही जागेची काटकसर होती. कराची आणि बगदाद एकाच साच्यात बसवणे ही कशाची काटकसर म्हणायची? कोनामी या ‘कॉन्ट्रा’च्याच कंपनीने २००९ साली इराकमधील फलुजाच्या २००४ च्या लढाईवरचा ‘सिक्स डेज इन फलुजा’ प्रसिद्ध करण्याचे ठरवले होते; टीकेमुळे तिने त्यातून अंग काढले. २०२३ मध्ये तो दुसऱ्यांकरवी अपुऱ्या अवस्थेत विक्रीला आलाच. निशिकादोंचा संकोच कुठल्या कुठे गेला.

उत्तर देण्याचे प्रयत्न झाले. दमास्कसच्या दार अल-फिक्र या प्रकाशनसंस्थेने २००१ साली ‘अंडर अ‍ॅश’ हा पॅलेस्टिनी तरुणाचा गेम काढला. त्यामागची वेदना आम्ही समजू शकतो, पण बंदूक या हातातून त्या हातात दिल्याने खेळाची रीत बदलत नाही.

गेल्या काही वर्षांत जुन्या धाटणीची लाट आली आहे. निन्टेन्डोने २०१६ साली तीस जुने गेम भरलेला छोटा डबा विकायला काढला. ‘शोव्हेल नाइट’सारखे (२०१४) नवे गेम मुद्दाम जुन्या ठिपक्यांत रचले जातात. शोव्हेल नाइटची कारागिरी उत्तम आहे, तरी आमचे मन त्यात रमले नाही. तिथे गरिबी हा पोशाख आहे. आणि आमच्या आठवणीतला खरा गेम या बाजारात नाहीच. कॅपकॉमने २०१८ साली आपल्या जुन्या मारामारीच्या सात गेमचा संच काढला, त्यात मुस्तफा नव्हता. तो पार्लरच्या पेटीतून घरच्या कुठल्याच यंत्रासाठी अधिकृतपणे निघाला नाही. आज तो खेळायचा तर कॉम्प्युटरवर नकलेचा आधार घ्यावा लागतो. ज्यांच्या लाडाने तो मोठा झाला, त्या आपल्याकडच्या पोरांची गणती हक्कदारांच्या व्यवहारात होत नसावी.

एका गेमबद्दल मात्र आमचे मत निराळे आहे. लुकास पोप यांचा ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३). चित्र जुन्या वळणाचे, रंग मळके, गाणे नाही, मारामारी जवळजवळ नाही. आर्स्टोट्स्का या काल्पनिक देशाच्या सीमेवर खेळाडू तपासनीस असतो. खिडकीत एकेक माणूस येतो, कागद सरकवतो. नाव, तारीख, फोटो, शिक्का जुळवून पाहायचे, आणि हिरवा किंवा लाल ठसा उमटवायचा. चुकले तर आधी ताकीद, मग दंड. संध्याकाळी त्याच पगारातून घरच्यांचे अन्न आणि शेकोटी. नवऱ्याचे कागद बरोबर असतात, मागून येणाऱ्या बायकोचे अपुरे असतात. चेहरे जाडेभरडे, ठिपक्यांचे, पण एकही विसरता येत नाही, कारण येथे चेहऱ्याकडे पाहणे हेच काम आहे.

हा गेम आमच्यासाठी रचलेला नाही. तरीही २०१९ साली आसामची नागरिक नोंदवही निघाली, एकोणीस लाखांवर माणसे बाहेर राहिली, आणि आमच्या घरांत जुन्या पेट्या उघडून दाखले शोधले जाऊ लागले, तेव्हा आमच्यातल्या अनेकांना त्या खिडकीची आठवण झाली. एका कागदावर मुल्ला, दुसऱ्यावर मुल्लाणी; शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख, रेशनकार्डावर दुसरीच; इंग्रजीत महंमदची चार स्पेलिंगे. त्या गेममध्ये लाल ठशाला एवढे पुरे असते. आणि ठसा आपल्याच हातात असतो. खिडकीपलीकडच्याची दया येते, पण दंड भरायचा नसतो, म्हणून हात लाल ठशाकडे जातो. ही शरम ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या सगळ्या झगमगाटात आम्हांला एकदाही वाटली नाही.

या गेमला वीस शेवट आहेत. त्यांतल्या एकात तो तपासनीस लोकांकडून जप्त केलेल्या पासपोर्टांवरून स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी खोटे कागद करून घेतो आणि रेल्वेने शेजारच्या ओब्रिस्तानच्या सीमेवर जातो. आता खिडकीच्या अलीकडे तो उभा असतो.