डेमिट्रियसचें स्तोत्र व त्याची साक्ष

राजाला देव मानण्याची चाल ग्रीकांनीं पूर्वेकडून उचलली व तीमुळें त्यांच्या नगरांचें स्वातंत्र्य लयास गेलें, असा एक समज रूढ आहे. या समजाला आधार म्हणून जें स्तोत्र पुष्कळदां पुढें करण्यांत येतें, त्याचीच चिकित्सा येथें करावयाची आहे. तें अथेन्सवासीयांनीं इ. स. पू. २९१ किंवा २९० च्या सुमारास, मॅसिडोनियाचा राजा डेमिट्रियस पॉलिऑर्किटीझ याच्या आगमनप्रसंगीं गाइलें. (नाणकसंग्राहकांच्या परिचयाचा बॅक्ट्रियाचा डेमिट्रियस तो हा नव्हे, तो सुमारें शंभर वर्षांनंतरचा.)

प्रथम पाठपरंपरा. सामॉसचा इतिहासकार ड्यूरिस यानें हें स्तोत्र आपल्या ग्रंथांत उतरून घेतलें. तो ग्रंथ नष्ट झाला. इ. स. २०० च्या सुमारास अथीनियस यानें त्यांतून तें आपल्या भोजनसंवादाच्या सहाव्या भागांत घेतलें, आणि त्या भागाचा मुख्य आधार म्हणजे व्हेनिस येथील दहाव्या शतकांतील एक पोथी. शिवाय ज्या प्रकरणांत तें आलें आहे, तें आहे खुशामतखोरांचें! मॅरेथॉनच्या वीरांचें नगर असलें गाणें गातें, ही हळहळ अथीनियसची, स्तोत्रकर्त्याची नव्हे. वेष्टन सोडून पोथी वाचावी, हें आपणां संग्राहकांस सांगावयास नको.

संस्कृत स्तोत्रें मुलांस शिकविण्यांत माझीं उणींपुरीं तीस वर्षें गेलीं. त्या संवयीनें पाहतां या स्तोत्राची घडण ओळखीची वाटते. आधीं स्तुति, मग याचना. राजाला पोसायडन व अफ्रोडायटी यांचा पुत्र म्हटलें आहे. तो सूर्य, मित्रमंडळी तारे. इतर देव दूर आहेत, किंवा त्यांना कान नाहींत, किंवा ते मुळीं नाहींतच. हा मात्र डोळ्यांपुढें उभा आहे, लांकडाचा नव्हे कीं दगडाचा नव्हे. टीकाकार येथेंच थांबतात व नास्तिक्याचा आणि लाचारीचा गवगवा करितात. परंतु खरा मुद्दा पुढें आहे. स्तोत्र प्रथम शांतता मागतें, आणि लागलीच ईटोलियन लोकांचें पारिपत्य कर असें सांगतें. तें तुला स्वतः करावयाचें नसेल, तर त्या स्फिंक्सला कड्यावरून लोटणारा दुसरा कोणी ईडिपस शोध, असेंही बजावतें. या वेळीं ईटोलियनांनीं डेल्फीच्या वाटा रोखून धरल्या होत्या. म्हणून २९० सालचे पायथियन खेळ डेमिट्रियसला अथेन्समध्यें भरवावे लागले. म्हणजे हा नुसता भाट नव्हे. देवाच्या अंगावर काम टाकणारा अर्जदार आहे. आपल्या स्तोत्रांतील भक्त देवाला असा पर्याय सुचवीत नाहीं!

आतां पूर्वेकडून उचलल्याची गोष्ट. स्पार्टाचा सेनापति लायसँडर यास ग्रीक नगरांनीं देवाप्रमाणें वेद्या उभारल्या, आणि सामॉसकरांनीं हेरादेवीच्या उत्सवास त्याचें नांव दिलें, असें प्लुटार्क ड्यूरिसच्याच आधारें सांगतो. त्या उत्सवांत जिंकलेल्या मल्लाचा लेखही सामॉस येथें सांपडला आहे. ही गोष्ट इ. स. पू. ४०४ च्या सुमाराची. अलेक्झांडर तेव्हां जन्मलाही नव्हता, आणि लायसँडर तर राजाही नव्हता.

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायाशीं याची तुलना करण्याचा मोह मलाही झाला होता. पण तेथें ईश्वर लोकपालांच्या अंशांपासून राजा उत्पन्न करितो. येथें नगरसभा ठराव करिते. राजानें स्वतः नेमलेली पूजा ही गोष्ट निराळी: तिसऱ्या अँटायोकसनें १९३ सालीं राणी लेओडिसीसाठीं प्रांतोप्रांतीं पुजारिणी नेमल्या, व त्या आज्ञेची एक प्रत इराणांत नहावंद येथें मिळाली. हे दोन प्रकार एकांत कालविल्यामुळेंच पुष्कळ गोंधळ झाला आहे.

प्लुटार्कची साक्षही तपासून घेतली पाहिजे. ३०७ सालीं अथेन्सनें डेमिट्रियस व त्याचा पिता अँटिगोनस यांस ‘सोटेर’ म्हणजे त्राता ठरविलें (मिनँडरच्या नाण्यांवर ‘त्रातारस’ असें वाचतों तेंच हें बिरुद). तेव्हांपासून वर्षाला आर्कनऐवजीं त्रात्यांच्या पुजाऱ्याचें नांव देऊं लागले, असें प्लुटार्क लिहितो. हें खोटें आहे. त्या वर्षांचे ठराव दगडांवर आजही वाचतां येतात, आणि त्यांवर आर्कनचींच नांवें आहेत. उलट दोघांच्या नांवें दोन नव्या जमाती निर्माण केल्याचें तो सांगतो, तें मात्र शिलालेखांनीं सिद्ध होतें.

स्तोत्रानंतर तीन-चार वर्षांतच अथेन्सनें या प्रत्यक्ष देवाविरुद्ध बंड केलें. त्या बंडाची हकीकत, त्यांत लढलेल्या कॅलियसच्या गौरवार्थ कोरलेल्या ठरावांत आहे. तो १९७१ सालीं अथेन्सच्या अगोरांत मिळाला व १९७८ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें इ. स. पू. २०० च्या सुमारास, पणतू पांचवा फिलिप याच्याशीं युद्ध जुंपलें, तेव्हां नगरसभेनें त्या घराण्याच्या मूर्ति व लेख नष्ट करण्याचा ठराव केला; दोन्ही जमातीही मोडल्या. ज्या शिळांवरून हीं नांवें टांकीनें खोडलीं, त्यांतल्या कांहीं आज उपलब्ध आहेत.