पर्यावरण अभ्यासक्रमातील नैसर्गिक संसाधने : खानदेशच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक :
एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्याविषयी निर्देश दिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरावरील सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा गाभा अभ्यासक्रम तयार केला आणि डॉ. एरच भरूचा यांचे पाठ्यपुस्तक सिद्ध झाले. २०२३ मध्ये आयोगाने किमान चार श्रेयांकांचा नवा आराखडा दिला. आराखडे बदलले, तथापि मूळ अभ्यासक्रमाने घालून दिलेली अध्यापनाची रीत अद्याप पुसली गेलेली नाही. म्हणून तिची चिकित्सा आवश्यक ठरते.

अभ्यासक्रमाची रचना :
मूळ अभ्यासक्रमात आठ घटक व ५० तासिका होत्या. नैसर्गिक संसाधनांना ८ तासिका, तर क्षेत्रकार्याला ५ तासिका दिल्या होत्या. गुणांची विभागणी मात्र लेखी परीक्षेस ७५ व क्षेत्रकार्यास २५ अशी होती. म्हणजेच दहा टक्के वेळेत पंचवीस टक्के गुणांचे काम अपेक्षित होते. मोठे वर्ग व अपुरा वेळ यांमुळे क्षेत्रकार्याचा प्रकल्प मागील वर्षाच्या वहीवरून उतरवला जाणे हा त्या रचनेचाच स्वाभाविक परिणाम होय. केवळ विद्यार्थ्यांना दोष देणे न्याय्य ठरणार नाही.

याहून गंभीर उणीव आशयाची आहे. पाण्याचा अतिवापर, दुष्काळ व धरणे हे विषय दुसऱ्या घटकात, तर जलसंधारण व पाणलोट व्यवस्थापन सहाव्या घटकात येतात. समस्या एकीकडे आणि उपाय दुसरीकडे. पाणी कोणी, कोणत्या नियमाने वाटून घ्यायचे, हा प्रश्न या दोहोंच्या मधल्या फटीत हरवतो.

खानदेशचा संदर्भ :
धुळे जिल्ह्यातील पांझरा खोऱ्याची फड पद्धती या फटीवर नेमके बोट ठेवते. बंधाऱ्याखालील लाभक्षेत्राचे फड पाडून एका फडात एकच पीक घेतले जाई. पाटकरी पाणी देई, जागल्या राखण करी. पाणी कमी असलेल्या वर्षी कोणता फड भिजवायचा, हे लाभधारक मिळून ठरवीत. जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असल्याने तुटीचा भारही वाटला जाई. येथे संसाधन आणि व्यवस्थापन असे दोन घटक करताच येत नाहीत. अर्थात पाण्याचा हक्क जमिनीशी जोडलेला होता. भूमिहीनांना त्यात वाटा नव्हता. ही मर्यादाही वर्गात चर्चिली जावी. साक्री तालुक्यातील बारीपाडा येथे ग्रामस्थांनी स्वतः नियम करून जंगल राखले. त्या कार्याबद्दल चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

याउलट जळगाव जिल्ह्यातील यावल व रावेर या केळी पट्ट्यात विहिरी आटल्या आणि कूपनलिका खोल खोल जात राहिल्या. भूजल सर्वांचे, कूपनलिका ज्याची त्याची; वाटपाचा सामुदायिक नियम नाही. या भागातील विद्यार्थी भूजलाची व्याख्या पाठ करतो, मात्र घरी आणखी एक बोअर घ्यावा की नाही, या निर्णयात त्याचे शिक्षण उपयोगी पडत नाही. उद्या हाच विद्यार्थी शेतकरी वा ग्रामपंचायत सदस्य होणार आहे.

समारोप :
देशभर समान अभ्यासक्रम असावा, हा युक्तिवाद मान्य करता येतो. परंतु समान आराखडा म्हणजे समान उदाहरणे नव्हेत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील प्रत्येक महाविद्यालयाने परिसरातील ठरावीक विहिरींची पाणीपातळी पावसाळ्यापूर्वी व नंतर विद्यार्थ्यांकरवी नोंदवावी आणि ती भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या नोंदींशी ताडून पाहावी. या कामास दोरी, मोजपट्टी व नोंदवही पुरेशी आहे. दरवर्षी नवी नोंद लागणार असल्याने जुनी वही उतरवणे निरर्थक ठरेल, आणि दहा वर्षांनी महाविद्यालयापाशी आपल्या गावशिवाराची स्वतःची आकडेवारी असेल.