हसवणाऱ्यांकडे गोष्ट आहे, रडवणाऱ्यांकडे?

सोनी मराठीवरच्या ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये समीर चौघुले बोलता बोलता अडतात, शब्द सापडत नाही म्हणून स्वतःचीच एक अगम्य भाषा सुरू करतात, आणि समोरचा नट हसू दाबायला पाठ फिरवतो. लेखणी, नट आणि तालीम यांचं नातं तिथे उघड दिसतं. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांनी 2018 पासून हा कार्यक्रम उभा केला, आणि माझ्या मते आजच्या मराठी टीव्हीवरचं सर्वांत जिवंत लेखन तिथेच सापडतं.

त्याचं कारण त्यातली माणसं. गौरव मोरेने पवईचा फिल्टरपाडा आपल्यासोबत रंगमंचावर आणला. ओंकार भोजनेच्या बोलण्यात कोकणचा हेल होता, आणि त्याचं ‘अगं अगं आई’ घराघरांत पोचलं. नम्रता संभेराव एका प्रहसनातून दुसऱ्यात जाताना चाल, आवाज, मानेचा झोक सगळं बदलते. प्रसाद खांडेकर स्वतः लिहितो आणि स्वतःच फजितीला उभा राहतो. ही माणसं आपल्या ओळखीची वाटतात, कारण त्यांना गाव आहे, बोली आहे, पैशाची चणचण आहे.

सगळंच गोड आहे असं मात्र नाही. विनोद सुचला नाही की कोणाच्या तरी जाडीवर, रंगावर, टकलावर घसरायचं ही जुनी खोड अजून जात नाही. परीक्षकांचं हसणं वारंवार दाखवल्याने विनोदाला बळ मिळत नाही; उलट प्रेक्षकावर अविश्वास दिसतो.

2014 साली सुरू झालेल्या झी मराठीवरच्या ‘चला हवा येऊ द्या’मध्येही पुरुषांना साडी नेसवून हशा मिळवण्याचा अतिरेक झाला. पण त्याच कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमनच्या वेषात यायचा आणि अरविंद जगताप यांनी लिहिलेलं पत्र वाचायचा. काही मिनिटांत प्रेक्षागृह गप्प व्हायचं, समोर बसलेले नावाजलेले कलावंत डोळे पुसायचे. नाट्य म्हणजे काय, हे तिथे एका विनोदी कार्यक्रमाने दाखवून दिलं.

रोजच्या मालिकांना नेमकं हेच जमेनासं झालं आहे. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर 2019 मध्ये स्टार प्रवाहवर आली तेव्हा किती नेमकी होती! मधुराणी प्रभुलकरची अरुंधती घरात सगळ्यांचं करता करता स्वतःला विसरलेली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी तिला नवऱ्याचं दुसरं नातं कळतं. पुढे ती आपल्या पायांवर उभी राहते, दुसरं लग्न करते. चाळिशी ओलांडलेल्या बाईचा हा प्रवास मराठी घरांत बोलला जात होता, आणि तो तिथेच पूर्ण व्हायला हवा होता. मालिका मात्र नोव्हेंबर 2024 पर्यंत चालली, आणि अपघात, आजार, कारस्थानं यांच्या माऱ्यात अरुंधती आमच्या हातून निसटली.

‘ठरलं तर मग’ या मालिकेबद्दल माझं मन असंच दुभंगलेलं आहे. जुई गडकरी सायली मनापासून करते. ज्योती चांदेकर यांची पूर्णा आजी धाक आणि माया एकाच नजरेत आणायची. ऑगस्ट 2025 मध्ये त्या गेल्या, तेव्हा प्रेक्षकांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. पण सायलीच लहानपणी हरवलेली खरी तन्वी आहे हे गुपित प्रेक्षकाला ठाऊक आणि घरच्यांना नाही, या एका धाग्यावर शेकडो भाग ओढले गेले. दाराआड कोणीतरी ऐकतं, कॅमेरा पाळीपाळीने प्रत्येक चेहऱ्यावर आदळतो, पार्श्वसंगीत दणकतं, आणि दुसऱ्या दिवशी कळतं की ऐकणाऱ्याने अर्धंच ऐकलं होतं.

पहिली मालिका बंगालीवरून आली, दुसरी तमिळवरून. त्यात कमीपणा नाही. उत्तम रूपांतरांवर आपली रंगभूमी वाढली आहे. दोष आठवड्याच्या टीआरपीवर पुढचा ट्रॅक ठरवण्यात आहे. आकडा आहे तोवर गोष्ट संपवायची नाही, असं एकदा ठरलं की लेखकाच्या हाती फक्त लांबण उरते.

झी मराठीवरची ‘दिल दोस्ती दुनियादारी’ मार्च 2015 मध्ये सुरू झाली आणि वर्षभराच्या आत संपली. आजही तिच्यातली सहा मुलं-मुली लोकांना नावानिशी आठवतात. वाहिन्यांनी वर्षाला एक तरी मालिका अशी करावी, जिचा शेवट चित्रीकरणाआधी लिहून झालेला असेल. आणि ती आली तर आपणही ती शेवटच्या भागापर्यंत पाहावी.