लग्नाची भिंत

गेल्या मार्गशीर्षांत एका स्नेह्यांच्या कन्येच्या विवाहास जाण्याचा योग आला. कार्यालयाच्या दाराशींच एक उंच पडदा उभारला होता. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांचा चौरस, त्याच्या मध्यभागीं हात पसरलेली देवी, आणि भोंवतीं नाचणाऱ्यांची वाटोळी रांग. हें सारें कोण्या यंत्रानें कापडावर छापलेलें होतें, आणि पाहुणे मंडळी त्यापुढें उभी राहून आपलीं छायाचित्रें काढून घेत होती. वधूचा मावसभाऊ स्थापत्यशास्त्राचा पदवीधर आहे. पडदा त्याच्याच कल्पनेंतून उतरलेला. मला पाहतांच तो आदरानें म्हणाला, "सर, ही प्रेरणा मीं वारल्यांच्या चित्रांपासून घेतली." मीं मान डोलावली. लग्नघरीं टीकाकाराची भूमिका घेऊं नये, एवढें शहाणपण पन्नाशीनंतर येतें. त्या 'प्रेरणा' शब्दानें मला जेवण गोड लागूं दिलें नाहीं असें लिहिण्याचा मोह होतो, पण तें खोटें होईल. जिलबी उत्तम होती. शब्द मात्र घरीं बरोबर आला.

प्रेरणा घेतली म्हणजे नेमकें काय घेतलें? वाङ्मयाच्या वर्गांत हा प्रश्न मी वर्षानुवर्षें विचारीत आलों आहें. तेथें निदान आधींचें पुस्तक आणि नंतरचें पुस्तक टेबलावर शेजारीं शेजारीं ठेवतां येतें. लग्नाकार्याच्या आणि सणावाराच्या हस्तकलेची गोष्ट निराळी. रांगोळी दुपारपर्यंत पायांखालीं जाते, दारावरचें तोरण तिसऱ्या दिवशीं वाळतें, कामट्यांच्या आकाशकंदिलाचा कागद तुळशीच्या लग्नापर्यंत कसाबसा तग धरतो. जी वस्तु टिकण्याचा आग्रहच धरीत नाहीं, तिच्यापासून कलावंतानें घ्यावयाचें काय?

त्या पडद्याचें मूळ पाहूं. डहाणू-तलासरीकडच्या वारली पाड्यांवर लग्नाचा चौक लिहिल्यावांचून लग्न लागत नाहीं. कुडाची भिंत शेणामातीनें सारवावयाची, तीवर गेरू द्यावयाचा, तांदळाचें पीठ पाण्यांत कालवावयाचें आणि बांबूच्या काडीचें टोंक चावून त्याचीच कुंचली करावयाची; साहित्य इतकेंच. हा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. धवलेरी लग्नाचीं गाणीं गाते आणि देवतांना बोलावते. चौकाच्या मध्यें पालघट देवी असते, जवळच्या लहान चौकांत घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या असतो. पण पाहणाऱ्यानें देवीकडे जाण्याआधीं चौकटीकडे पाहावें. साखळ्या, नागमोडी रेघा, त्रिकोणांच्या ओळी, पट्ट्यामागून पट्ट्या. कष्टांचा सर्वांत मोठा वांटा या चौकटीस गेलेला असतो. मधली जागा त्या मानानें मोकळी. आपल्याकडे चित्र आधीं होतें आणि चौकट मागाहून सुताराकडून येते. येथें चौकट करणें हेंच मुख्य काम आहे, कारण कोणी तरी यावयाचें आहे आणि त्याच्यासाठीं जागा करून ठेवावयाची आहे.

ही एक गोष्ट ध्यानांत आली कीं घरोघरच्या पुष्कळ शोभेच्या वस्तूंचा अर्थ बदलतो. पाटाभोंवतालची रांगोळी ही जेवणाराची जागा आहे. गोंयांत गणपतीच्या वर जी माटोळी बांधतात, तिला नारळ, सुपारीचे घड, कवंडळें, आंबाडे आणि रानांतून शोधून आणलेलीं कितीएक फळें टांगतात. तें येणाऱ्या देवाचें छत. सजावट म्हणजे वस्तूवर चढविलेली शोभा, ही आमची पुस्तकी व्याख्या येथें लटकी पडते.

वारल्यांच्या चौकाची जुळी बहीण शोभेल अशी भिंत दूर मिथिलेंत आहे. तिला कोहबर म्हणतात. नवदंपतीच्या पहिल्या रात्रींसाठीं एक खोली राखून ठेवलेली असते आणि तिची भिंत घरच्या बायका रंगवितात. मधोमध उभा बांबू, त्याभोंवतीं कमळाच्या पानांचीं वर्तुळें. शिवाय पोपट, मासे, कासव, चंद्र, सूर्य. वंश वाढावा ही इच्छा त्या चित्रांत उघड बोलते. लाज नाहीं आणि अश्लीलताही नाहीं. बाहेरच्या जगास या भिंती दिसल्या त्या एका आपत्तीमुळें. १९३४ च्या जानेवारींत बिहारला भयंकर भूकंप झाला, घरें उकललीं, आणि विल्यम आर्चर या इंग्रज अधिकाऱ्यास पडक्या भिंतींच्या आंतल्या बाजूचीं हीं चित्रें दिसलीं. त्यांवर त्याचा लेख 'मार्ग' या नियतकालिकांत १९४९ सालीं आला.

पुढची कडी आपल्या मराठी वाचकास जिव्हाळ्याची वाटावी. १९६६-६७ च्या दुष्काळांत मिथिलेंतील बायकांच्या हातांस कांहीं काम मिळावें म्हणून त्यांना कागद देऊन चित्रें काढावयास लावण्यांत आलें. या कामावर सरकारी हस्तकला मंडळातर्फे गेलेले चित्रकार होते भास्कर कुलकर्णी. हेच गृहस्थ पुढें १९७० नंतरच्या वर्षांत डहाणूकडील वारली पाड्यांवर कागद घेऊन फिरले. लग्नाच्या दोन भिंती कागदावर उतरल्या, त्यांत एकाच मराठी माणसाचा हात आहे. कलेच्या इतिहासांत त्यांच्या नांवास याहून मोठी जागा मिळावयास हवी होती असें मला वाटतें; पण तो विषय निराळा.

कागदावर आलेल्या पुष्कळ चित्रांत कोहबराची केवळ नक्कल आहे, हें मान्य करावयास हवें. पानें तींच, मासे तेच, आणि मध्यें कोणाची वाट पाहणें नाहीं. पण गंगादेवी या चित्रकर्तीचीं चित्रें पाहिलीं म्हणजे प्रेरणा हा शब्द पुन्हां उच्चारण्याचा धीर येतो. त्यांची रीति कायस्थ घरांतली, 'कचनी' म्हणून ओळखली जाणारी. रंग भरण्यापेक्षां बारीक रेघांवर भर. आयुष्य कष्टांत गेलें. पदरीं मूल नव्हतें, नवऱ्यानें दुसरें लग्न केलें. संतति आणि संसार यांचें आशीर्वादाचें चित्र जिनें आयुष्यभर लिहिलें, तिच्या वाट्यास त्यांतलें कांहींच आलें नाहीं. कनवाळू वाचक येथें थांबून हळहळेल. मी त्याला पुढें चलण्याची विनंति करतों, कारण चित्रांत कोठेंही हळहळ नाहीं.

१९८५ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथल्या जत्रेंत रुळांवरून वर चढणारे आणि एकाएकीं खालीं कोसळणारे पाळणे त्यांनीं पाहिले आणि ते चित्रांत आणले. ज्या रेघेनें बांबूचा दांडा उभा करावयाचा तीच रेघ आतां त्या रुळांचीं वळणें घेते. माणसें ओळीनें बसलेलीं, चित्राचा काठ जेथल्या तेथें. परक्या देशाची वस्तु मैथिल चौकटींत पाहुणी म्हणून आली आणि तिला बसावयास जागा मिळाली. पुढें त्यांना कर्करोग झाला. दिल्लीचा प्रवास, इस्पितळ, खाटा, डॉक्टर, औषधाची नळी यांचीही त्यांनीं चित्रमालिका केली. आमच्या आधुनिक कवींनीं रुग्णशय्येवर बरेंच लिहिलें आहे. त्यांतलें पुष्कळ लिखाण रोगापेक्षां कवीविषयींच असतें. गंगादेवींच्या चित्रांत रोगाला सुद्धां पाहुण्याप्रमाणें पाट मांडलेला आहे. येथें मला उत्तराचा पहिला धागा सांपडतो. त्यांनीं कोहबरापासून कमळ घेतलें नाहीं आणि मासाही घेतला नाहीं. येईल त्यास जागा करून देणारा हात घेतला.

मृत्यूपूर्वीं थोड्याच काळांत, उपचार चालू असतां, त्यांनीं दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयांत एक संपूर्ण कोहबर-घर रंगविलें. १९९१ सालीं त्या गेल्या. त्यानंतर चोवीसेक वर्षांनीं, २०१५ च्या सुमारास, संग्रहालयाच्या नूतनीकरणांत तें चित्र भिंतींवरून नाहींसें झालें. कलाप्रेमी लोकांत मोठा संताप झाला, आणि तो योग्यच होता. पण वादासाठीं वाद घालणारा एखादा विद्यार्थी मला विचारील कीं, सर, कोहबर पुसण्यासाठींच असतें ना? गांवांतल्या भिंतीवरचें चित्र धुरानें काळें होतें, पावसाळ्यांत पोपडे धरतें, सारवणाखालीं जातें. त्यावर कोणी अश्रु ढाळीत नाहीं. मग येथेंच हा शोक कां?

हा प्रश्न मी बरेच दिवस मनांत घोळविला आहे. गांवांतली भिंत पुसली जाते तेव्हां शेजारच्या घरांत एक मुलगी लग्नाची असते, आणि तिच्या काकीच्या बोटांत तीच रेघ असते. चित्र गेलें तरी हात शिल्लक असतो, आणि निमित्तही शिल्लक असतें. दिल्लीच्या त्या खोलींत कोणाचें लग्न होणार नव्हतें. तेथली भिंत एकदां गेली कीं तीवर पुन्हां लिहावयास कोण येणार होतें? नाशिवंत कलेचें टिकणें पुढच्या निमित्तावर अवलंबून असतें. निमित्तापासून तोडून तिला संग्रहालयांत नेलें कीं तिला जपण्याचें सारें ओझें आपल्यावर येतें. तें ओझें आपण घेतलें आणि वाहिलें नाहीं. शोक त्याचा आहे.

आतां पुन्हां आपल्या वारल्यांकडे. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनीं चौकांतली पांढरी रेघ कागदावर नेली. त्यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. त्यांचें मासेमारीचें जाळें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस मी काय म्हणतों तें कळेल. सारें चित्र एका जाळ्यानें व्यापलेलें, बारीक रेघांचा श्वास चालावा तसें तें हलतें. त्यांत देवी नाहीं, चौकोन नाहीं, आणि तरीही लग्नाच्या चौकटीवर एकेक पट्टी भरीत बसणाऱ्या बाईचा धीर त्या जाळ्याच्या प्रत्येक घरांत आहे. ही दुसरी प्रेरणा. आमच्या मित्राच्या पडद्यावर नाचणारीं माणसें तेवढीं आलीं. धीर आला नाहीं, कारण तो यंत्राला लागत नाहीं.

परंतु एक अवघड गोष्ट टाळून पुढें जाणें बरें नव्हे. चौक लिहिणाऱ्या सवाशिणींचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. कागदावर चित्र आलें आणि नांव आलें तें प्रथम पुरुषाचें. मिथिलेंत उलट झालें. तेथें जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी अशीं स्त्रियांचीं नांवें पुढें आलीं, त्यांना पद्मश्री मिळाल्या. म्हशे यांच्या योग्यतेस यानें बाध येत नाहीं; आणि नांवाबरोबर पाड्यावर चार पैसे आले हेंही लहान नव्हे. तरीसुद्धां वारली चित्रकलेवर लिहिणारे बहुतेक लेखक जेव्हां १९७० पासून आरंभ करतात, तेव्हां त्यापूर्वींच्या सगळ्या बायका जणुं कुंचली धरून वाटच पाहत बसल्या होत्या असा भास होतो. त्या वाट पाहत नव्हत्या. त्यांचें काम प्रत्येक लग्नाच्या दिवशीं पुरें होत होतें.

ज्या लग्नापासून हें सुरू झालें तेथली एक गोष्ट सांगावयाची राहिली. रुखवताच्या मेजावर एका कोपऱ्यांत पितळेचें ताट होतें, आणि त्यांत गव्हल्यांचें अष्टदल कमळ मांडलेलें होतें. पांढऱ्या गव्हल्यांत हळदीचे पिवळे आणि बिटाच्या रसाचे तांबडे, एकेक दाणा बोटानें सरकवून बसविलेला. साखरेचे बंगले आणि चकचकीत कागदाच्या होड्या यांच्या गर्दींत तें कोणाच्या नजरेंत येत नव्हतें. तें स्नेह्यांच्या मातोश्रींनीं केलेलें होतें. त्यांनीं ऐंशी ओलांडली आहे. कॉलेजच्या दिवसांपासून मी त्यांना आईच म्हणतों. त्या जवळच खुर्चीवर बसल्या होत्या. मीं म्हटलें, "आई, याचें छायाचित्र काढून ठेवूं काय? उद्यां मोडेल."

"मोडायचंच आहे रे," त्या म्हणाल्या, "तिच्या सासरीं त्याची खीर करतील." मग ताटाकडे थोडें वांकून, डोळे बारीक करून पाहिलें आणि म्हणाल्या, "ही डावीकडची पाकळी बघ, जराशी आंखूड झाली. धाकटीच्या लग्नांत नीट करीन."