वेताळाची गादी आणि बहादूरचा कुडता

पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ 'आमच्या लहानपणी' असं म्हणाला, की पुढे काय येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आधी साजूक तूप येतं, मग मास्तरांची छडी आणि तो सत्तरच्या दशकात शाळेत असेल, तर तिसऱ्या नंबरावर 'इंद्रजाल कॉमिक्स' येतं. बारामती काय, इंदापूर काय, पेन्शनच्या रांगेत हा विषय निघाला की मंडळी पासबुक भरून घ्यायचं विसरतात. आमचे इंदापूरचे आतेभाऊ याच पंथाचे. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेतले अंक मी परवा ओळीने वाचून काढले. आठवण आणि अंक यांचा ताळा कधीतरी जुळवून बघावा, एवढाच हेतू.

आधी जमेची बाजू. ही मालिका 'टाइम्स ऑफ इंडिया'वाल्यांनी मार्च 1964 मध्ये सुरू केली. तिचा पहिला नायक ली फॉकचा 'फँटम'. मराठीत त्याचं बारसं 'वेताळ' असं ज्या कुणी केलं, त्याला माझा साष्टांग नमस्कार! आपल्याकडे गावाबाहेर शेंदूर फासलेला वेताळ होताच. 'चांदोबा'तला, विक्रमाच्या खांद्यावर बसून कूटप्रश्न घालणाराही होता. त्यात हा जांभळ्या कपड्यांतला तिसरा आला आणि बिनबोभाट घरात सामील झाला. न मरणारा, रात्रीअपरात्री फिरणारा, कवटीच्या गुहेत राहणारा म्हटल्यावर आजीलासुद्धा वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता खर्चाची बाजू. हा मूळचा गोरा माणूस. जंगलातल्या काळ्या टोळ्यांचे तंटे हा सोडवणार, आणि त्यांनी चारशे वर्षांत एकदाही 'तू कोण?' म्हणून विचारायचं नाही! बरं, नोकरी कशी? बदली नाही, ऑडिट नाही, जाहिरात नाही, मुलाखत नाही. बाप गेला की मुलाने तोच मुखवटा चढवायचा. असे एकवीस झाले. अर्थात गादी अशी घरातल्या घरात चालवतात म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला फोड करून सांगायला नको.

त्याच ट्रंकेत, खालच्या थरात, मला बहादूर सापडला. अंक अगदी कोरे करकरीत, म्हणजे फारसे कुणी न वाचलेले. आबिद सुरतींनी 1976 मध्ये उभा केलेला हा देशी नायक. भगवा कुडता, खाली जीन्स. बाप दरोडेखोर, पोलिसांच्या गोळीने गेलेला. पोराने सूड घ्यायचा, हा आपल्या सिनेमाचा शिरस्ता. पण हा पठ्ठ्या बापाचा धंदाही नाकारतो आणि सूडही. गावकऱ्यांना गोळा करून उलट दरोडेखोरांच्याच विरुद्ध उभा राहतो.

मग रांगेतल्या एकाही काकांच्या तोंडी याचं नाव का नाही? वेताळ वाचताना वाचकाला काही करावं लागत नाही. संकट आलं की वरून कुणीतरी येणार, ठोसा मारून खूण उमटवणार आणि जाणार. बहादूर मात्र म्हणतो, तुम्हीही काठी घ्या. हे लहानपणी जड जातं, आणि पन्नाशीनंतर तर गुडघेच दुखतात!

1990 मध्ये 'इंद्रजाल' बंद पडलं. त्याचा शोक जरूर करावा. वेताळाची चित्रंही मनसोक्त बघावीत, मीही बघतो. पण नातवाच्या हाती एकच अंक द्यायची वेळ आली, तर माझं मत खालच्या थरातल्या अंकाला. बापाने सोपवलेली शपथ पाळणारे नायक पुष्कळ आहेत. बापाचा वारसा नाकारणारा, अख्ख्या ट्रंकेत, मला एवढा एकच मिळाला.