कुस्तीविषयक मराठी लेखन आणि पदन्यासाची उपेक्षा

कोल्हापूरच्या कुस्तीविषयीच्या मराठी लेखनात बळ, खुराक व डाव यांची वर्णने विपुल आढळतात. पायांचा विचार मात्र अपवादानेच येतो. खडाखडीकडे तर वेळकाढूपणा म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः कुस्तीचा कल तेथेच ठरतो. चवड्यांवर भार ठेवून, पाय न जुळवता, आखूड पावलांनी सरकणारा मल्लच प्रतिस्पर्धी पटात शिरताच पाय वेळीच मागे घेऊ शकतो.

हेलसिंकी येथे १९५२ मध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. मॅटचा सराव नव्हता, असे त्याचे कारण सांगितले जाते. परंतु हा सराव नेमका कशाचा, याचे विवरण होत नाही. मातीत अनवाणी पाऊल रुतते. मॅटवर बुटाची पकड निराळी असते. मातीत चीतपट निर्णायक. मॅटवर पाऊल वर्तुळाबाहेर पडले तरी प्रतिस्पर्ध्यास एक गुण मिळतो.

म्हणूनच तालमींना केवळ मॅट पुरवून प्रश्न सुटत नाही. पदन्यासाचे स्वतंत्र शिक्षण आणि त्याची दखल घेणारी समीक्षा, या दोहोंची निकड आहे.